खुनी पान सतरावर

माथेरानचा बंगला. बाहेर पाऊस, आत अंधार, दिवाणखान्यात शेठजींचा मुडदा आणि घरात अडकून पडलेले सात पाहुणे. त्यांतला एक खुनी. मी पाय वर घेऊन बसलो, चहाचा कप हाताशी ठेवला, "कोणी आलं तर मी घरी नाही," असं बायकोला बजावलं आणि पान उलटलं. पान सतरा. इथे एक वयस्क डॉक्टर कथेत प्रवेश करतात. बिचाऱ्यांना दमा आहे, गरिबांकडून पैसे घेत नाहीत, बोलताना आवाज चढत नाही. लेखकाने फार मन लावून रंगवलेला माणूस. त्यांच्या नावाखाली शिसपेन्सिलीची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात एकच शब्द: ‘हाच.’

शेठजी एकदाच मेले. मी पुढची सगळी पानं मरत होतो. डॉक्टरांनी कोणाची नाडी बघायला हात पुढे केला की मी "अहो, नको!" म्हणून ओरडायचो. त्यांनी शेठाणीला झोपेची गोळी दिली तेव्हा तर मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन आलो. तिकडे इन्स्पेक्टर जबान्या घेत होता, बुटांचे ठसे मोजत होता, माळ्याला उलटसुलट प्रश्न विचारत होता आणि मला त्याची कीव येत होती. पगारी माणूस, एवढा राबतो, आणि पान सतरा बघायचं काही त्याला सुचत नाही. शेवटी डॉक्टरांच्या हातात बेड्या पडल्या तेव्हा आमच्या घरात एकाच व्यक्तीला आनंद झाला. "संपलं ना एकदाचं? आता दळण घेऊन या."

मी दळण न आणता वाचनालय गाठलं.

"रेघच मारलीय ना?" ग्रंथपाल म्हणाले. "पान तर फाडलेलं नाही?"

"अहो, खुनी सांगितलाय!"

"बरोबर सांगितलाय का?"

"हो."

"मग तक्रार नेमकी काय आहे?"

त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, ‘वाचकांनी पुस्तकांत काहीही लिहू नये’ अशी सूचना लावलेली होती. तिच्याखाली त्याच बारीक पेन्सिलीत लिहिलेलं होतं: ‘अनुमोदन.’

रहस्यकथा ही एकट्याने वाचायची गोष्ट आहे आणि मुंबईतल्या गिरगाव-दादर-परळ-लालबाग या पट्ट्यात माणूस एकटा सापडणं अवघड. इथे रहस्यकथा मुळात लिहिल्याच कशा गेल्या, हे खरं रहस्य. इंग्रजीत बंद खोलीतला खून हा मोठा मानाचा प्रकार मानतात. दार आतून बंद, खिडकीला गज, आत मुडदा; मग खुनी गेला कुठून? माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला. तिथे ही कथा पहिल्याच वाक्याला अडते, कारण दिवसा दार बंदच नसतं. ते बंद दिसलं तर पाच मिनिटांत गॅलरीत माणसं जमतात. "काय हो, बरं नाही का?" खुनी आत असला तर त्यालाच उठून कडी काढावी लागेल, आणि समोर विरजण मागायला आलेली शेजारीण वाटी घेऊन उभी. मुडदा लपवायचा म्हणाल तर पोटमाळ्यावर आधीच गणपतीची आरास, मोडकी सायकल, गावाहून आलेलं तांदळाचं पोतं आणि एक काका झोपलेले.

शेरलॉक होम्सने डॉक्टर वॉटसनना पाहताक्षणी ‘अफगाणिस्तानातून आलात’ हे ओळखलं, त्याचं जगाला १८८७ पासून कौतुक. आमच्या शेजारच्या मावशींनी एकदा मला जिन्यातच अडवलं.

"मिसळ खाऊन आलास. पैसे दुसऱ्याने दिले. आणि गणितात नापास झालायस."

"कसं ओळखलंत?"

"शर्टावर तर्रीचा डाग. तुझ्या खिशात दमडी नसते, म्हणजे दुसऱ्याने दिले."

"आणि नापास?"

"तो निकाल मला सकाळीच कळला. तुमच्या शाळेच्या शिपायाची बायको माझ्या भिशीत आहे."

होम्सला वॉटसन लागायचा, मावशींना तोही लागत नसे. भिशीत बाराजणी होत्या. अशा ठिकाणी छापील गुपिताचा काय टिकाव लागणार? मी पुस्तक उघडून गॅलरीत बसलो की येणारा-जाणारा कव्हर बघून थांबे. कव्हरावर पिस्तूल, कवटी आणि एक घाबरलेली बाई. "अरे, हे का? यात तो मुनीम असतो बघ," एवढं सांगून तो बादली घेऊन नळावर निघून जाई. दुष्टपणा अजिबात नाही. मुलाला पुढे त्रास नको, अशी आपुलकी.

सुट्टीत मला लालबागला मामाकडे पाठवत. मामा गिरणीत साच्यावर होता आणि त्याच्या खोलीत गावचे दहाएकजण गाळा करून राहत. जो पाळीवर गेला त्याच्या जागी दुसऱ्याने वळकटी पसरायची. जागेला जो नियम तोच पुस्तकाला. नाक्यावरच्या लायब्ररीतून रोजच्या भाड्याने आणलेली रहस्यकथा एका दिवसात सगळ्यांची वाचून व्हायला हवी, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं बसणार. म्हणून पुस्तक आलं की पहिलं काम पिन काढण्याचं. पुस्तकाचे तीन भाग करायचे, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीवाल्यांनी ते आपसात फिरवायचे आणि परत देताना पिन पुन्हा दाबून बसवायची. मी वयाने लहान आणि पाळी नसलेला, म्हणजे बदली कामगार. उरेल ते उचलायचं. उरलेला भाग हमखास शेवटचा असे.

परिणामी माझी उत्कंठा लहानपणापासून उलटी वाढली. खुनी कोण हे मला पहिल्या ओळीत कळे. मेलं कोण, याचा पत्ता लागत नसे. कथानायक झुंजार शेवटचा दम देऊन मोटारीत बसून निघून गेला की मी मधल्या भागाची वाट बघत बसायचो. तो दुसरी पाळी सुटल्यावर मध्यरात्री कोणाच्या तरी खिशातून यायचा, तेलाचे डाग घेऊन. एकदा भोंगा झाला त्या घाईत एका पुस्तकाचा पहिला भाग डब्याच्या पिशवीतून खात्यात गेला आणि तिथेच कुठेतरी नाहीसा झाला. त्या कथेत खून कोणाचा झाला होता, ते मला अजून माहीत नाही. कोणीतरी तरुण असावा. शेवटी त्याची आई फार रडते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, पाळ्या थांबल्या आणि खोलीतल्या सगळ्यांना पुस्तक अख्खं वाचायला पहिल्यांदाच सवड मिळाली. तेव्हा भाड्याला पैसे नव्हते.

त्या पुस्तकांतला झुंजार बाबूराव अर्नाळकरांचा. काळापहाड, धनंजय, छोटू ही मंडळीही त्यांचीच. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली गेले, तोवर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून झाल्या होत्या. गिनीज बुकालाही दखल घ्यावी लागली. या गृहस्थांचं चष्म्याचं दुकान होतं, हे मला मोठेपणी कळलं आणि हसावं की रडावं ते कळेना. आम्ही जिन्यातल्या पंधराच्या दिव्याखाली त्यांचा बारीक टाइप वाचून डोळे बिघडवायचे आणि नंबर काढायला त्यांच्याच काउंटरवर जायचं! काळापहाडालासुद्धा असा बेत सुचला नसता.

१९७०च्या सुमाराला गुरुनाथ नाईक आले. त्यांचा कॅप्टन दीप, त्यांचा गोलंदाज. त्यांचीही पुस्तकं हजाराच्या वर. पुस्तकागणिक एकच मुडदा धरला (हा हिशेब फार कंजूषपणाचा आहे), तरी दोघांचे मिळून दोन हजारांवर मुडदे होतात. त्यांतले निम्मे जरी मुंबईत पडले असते तरी भोईवाड्याच्या स्मशानात नंबर लागायला वशिला लावावा लागला असता. माझी तक्रार वेगळीच आहे. एवढ्या खुनांत लालबागच्या वाट्याला धड एकही आला नाही. बंगला मलबार हिलवर, पार्टी जुहूला, पाठलाग मरीन ड्राइव्हवर. आमच्याकडे फार तर खबऱ्या राहायचा, तोही दुसऱ्या प्रकरणात मरायचा. पुण्याला सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास अशी स्वतंत्र फौज उभी केली. कोल्हापूरला बाबा कदम हे स्वतःच पोलीस प्रॉसिक्यूटर. त्यांच्या आरोपीला निदान कलम तरी बरोबर लागत असणार.

ही पुस्तकं सगळे वाचत आणि कबूल कोणीच करत नसे. लायब्ररीच्या खात्यावर ‘मुलासाठी’, ‘आजारी भावासाठी’, ‘गावाहून पाहुणे आलेत त्यांच्यासाठी’. त्या खात्यावरून बघितलं तर गिरगावातले सगळे वाचक ज्ञानेश्वरी वाचत होते आणि सगळे पाहुणे काळापहाड.

खऱ्या खुनाच्या बाबतीत मात्र आमचा भाग कधी मागे राहिला नाही. आमच्या माळ्यावरचे अण्णा रहस्यकथांना हसायचे. "खुनी कोण, हे लपवायचं म्हणजे लेखकाला दुसरं काही येत नाही. नानावटी प्रकरणात काय लपलं होतं?" २७ एप्रिल १९५९. नौदलाचा कमांडर नानावटी बायकोच्या प्रियकरावर, प्रेम आहुजावर, गोळ्या झाडतो आणि आपण होऊन हजर होतो. खुनी कळला, बळी कळला, कारण कळलं, रिव्हॉल्व्हरही मिळालं. रहस्य म्हणून शिल्लक काही नाही, आणि तरी अख्खी मुंबई तो खटला वर्षानुवर्षं चघळत बसली. कारण टॉवेल! आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, कमरेला टॉवेल होता. बचाव म्हणे झटापट झाली. सरकार पक्ष म्हणे झटापट झाली तर टॉवेल सुटला कसा नाही?

"आता मला सांग," अण्णा म्हणत, "त्या कोर्टात टॉवेलातलं कोणाला काय कळत होतं?"

मुद्दा बिनतोड होता. रोज सकाळी सामाईक संडासाच्या रांगेत पंचा गुंडाळून, हातात टमरेल घेऊन उभी राहणारी माणसं आम्ही. वस्त्र कोणत्या क्षणी टिकतं आणि कोणत्या क्षणी दगा देतं, यावर गिरगावाइतका अभ्यास हायकोर्टातसुद्धा नसेल. म्हणून चाळीने स्वतः प्रयोग करायचा ठरवला. आंघोळ झालेले दोन सदस्य निवडले, एक कमांडर, एक आहुजा. दोघांनी गॅलरीत झटापट करायची आणि बाकीच्यांनी ज्युरी व्हायचं. पहिल्याच हिसक्याला आहुजाचा पंचा सुटला, दुसऱ्याला कमांडरचा, आणि नेमक्या त्याच वेळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका जिना चढून वर पोहोचल्या. खऱ्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटीला निर्दोष ठरवलं, तो निकाल पुढे हायकोर्टाने फिरवला. चाळीचा निकाल एकमताने लागला आणि कायम राहिला: गॅलरीत पंचावर येऊ नये.

नोकरी लागल्यावर वाटलं, आता निदान लोकलमध्ये निवांत वाचता येईल. परळ ते व्हीटी धीम्या गाडीचा प्रवास तसा किरकोळ, पण एखादा खून सहज बसतो. बसायला जागा फक्त मिळत नाही, आणि उभ्याने वाचणाऱ्याचं पुस्तक हे डब्याच्या सामाईक मालकीचं असतं. माझ्या खांद्यावर नेहमी दोन हनुवट्या असत. "थांबा, उलटू नका," डावी हनुवटी म्हणे. "मघाशीच झालं हो वाचून, उलटा," उजवी. मी स्वतः कुठवर आलोय ते कोणी विचारत नसे. एकदा चिंचपोकळी गेलं आणि एक गृहस्थ घाईला आले.

"मला भायखळ्याला उतरायचंय. जरा शेवटचं पान दाखवता?"

"अहो, मी अजून निम्म्यावर आहे!"

"तुम्ही डोळे मिटा ना."

मी डोळे मिटले. त्यांनी शेवटचं पान मोठ्याने वाचलं.

लंडनला अगाथा ख्रिस्तीबाईंचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली लागलं. करोनातली सक्तीची सुट्टी सोडली तर ते अजून चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती केली जाते, शेवट कृपा करून बाहेर सांगू नका; आणि म्हणे लोक खरंच सांगत नाहीत. एवढ्या वर्षांत एका अख्ख्या शहराने तोंड मिटून ठेवलं, ही मला कादंबरीपेक्षा जास्त अविश्वसनीय गोष्ट वाटते. तशी विनंती दादरच्या शिवाजी मंदिरात करून बघा. मुळात शेवटाची वाट बघतो कोण? मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत, आधी एकदा नाटक बघून गेलेले एक काका उभे असतात. त्यांचं रांगेतलं बोलणं आपल्या बायकोशी असतं, पण आवाज बाल्कनीतल्या माणसाशी बोलावं एवढा. "आता बघ, ती मोलकरीण येईल, तिच्याकडे लक्ष ठेव." आपण वळून रागाने बघावं तर ते आपल्यालाही सामावून घेतात. "तुम्हीसुद्धा ठेवा."

तर अशा मुलखात वाढलेला माणूस पान सतराने एवढा पेटायला नको होता. पण आता मी निवृत्त झालो आहे, परळला टॉवरमध्ये राहतो, दार बंद ठेवतो, शेजाऱ्याचं आडनाव मला पत्रपेटीवरून माहीत आहे. आयुष्यभर वाट बघितलेला एकांत मिळाला, आणि त्यात हा पेन्सिलवाला आधीच येऊन बसलेला! पुढच्या पुस्तकात पान नऊवर, वकिलाच्या कारकुनापाशी: ‘हाच.’ त्यापुढच्यात पान एकतीसवर, प्रेमळ आत्याबाईंपाशी: ‘हीच.’ व्याकरण चोख. मी त्याला पकडायचं ठरवलं. इतकी वर्षं एवढे गुप्तहेर वाचले, त्यातलं थोडंफार अंगी लागलं असेलच.

पहिला धागा हस्ताक्षराचा. ‘ह’ची शेपटी लांब, जरा उजवीकडे वळलेली. आता सभासदांकडून ‘हाच’ हा शब्द लिहवून घ्यायचा कसा? मी एक अर्ज तयार केला: ‘वाचनालयाची वेळ रात्री नऊपर्यंत वाढवावी.’ खाली प्रत्येकाने स्वतःच्या हाताने ‘माझाही हाच अभिप्राय आहे’ असं लिहून सही करायची. सभासद खूश झाले, रांग लावून लिहून गेले. पण सगळ्यांनी लिहिलं ते काउंटरवर सुतळीने बांधलेल्या एकाच बॉलपेनने, जे अक्षरं अर्धीच उमटवतं आणि सुतळी आखूड असल्यामुळे लिहिणाऱ्याला वाकवतं. सगळ्यांच्या ‘ह’च्या शेपट्या उजवीकडे वळल्या. माझीसुद्धा. संशयितांची यादी सभासदांच्या यादीएवढी झाली. कहर म्हणजे कार्यकारिणीने अर्ज मंजूर केला. ग्रंथपाल कल्याणला राहतात. वेळ नऊपर्यंत वाढली त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त दंडाच्या रकमेपुरतं बोलू लागले.

मग पाळत. रहस्यकथांच्या कपाटावर नजर ठेवायची तर समोर उभं राहायला जागा एकच, पाककृतींच्या कपाटापाशी. रोज संध्याकाळी मी तिथे एखादं पुस्तक उघडून उभा राहू लागलो आणि पानाच्या वरच्या कडेवरून बघू लागलो. कॅप्टन दीप एवढ्यात तीन देश पालथे घालून आला असता. माझ्या हाती लागलं ते एवढंच की, एक निवृत्त मास्तर पुस्तक घेताना आधी शेवटचं पान वाचतात, एक विमा एजंट पुस्तकापेक्षा सभासदांकडे जास्त बघतो आणि एक कॉलेजातली मुलगी माझ्याकडे बघून तिच्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी बोलते. चौथ्या कोणाकडे वळणार तोच घरी प्रकरण उघडकीला आलं.

"तुम्ही रोज पाककृतींच्या कपाटापाशी उभे असता म्हणे?" बायकोने विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला? सगळं परळ बोलतंय. घरात जेवणाचे हाल होतात असं लोकांना वाटतं. काल भाजीवालीने मला पाव किलो वांगी जास्त घातली."

"मी एका माणसाच्या मागावर आहे."

"आणि तुमच्या मागावर तो विमावाला आहे. दोनदा फोन येऊन गेला. तुम्ही अस्वस्थ दिसता, घरच्यांचा विचार केलाय का, म्हणून विचारत होता."

जिला मी कधी रहस्यकथा उघडताना पाहिलं नाही, तिला एका भाजीच्या फेरीत माझं ठिकाण, वेळ, वागणूक आणि त्यामागचा लोकांचा तर्क एवढं सगळं कळलं होतं. मला महिना उलटून गेला तरी एक पेन्सिल सापडत नव्हती.

आणि मग ते पुस्तक आलं. गोव्यातलं हॉटेल, पोहण्याच्या तलावात मुडदा. पान बावीसवर हॉटेलचा मॅनेजर: ‘हाच.’ मी सुस्कारा सोडला आणि मॅनेजरवर नजर ठेवून वाचायला लागलो. तो किल्ल्या मोजायचा, मी दात-ओठ खायचो. तो रात्री तलावाकडे गेला, मी म्हटलं चला, आला नमुना वळणावर. बाकीची माणसं काय करताहेत तिकडे माझं लक्षच नव्हतं. शेवटून तिसऱ्या पानावर इन्स्पेक्टरने बेड्या काढल्या, मॅनेजरला बाजूला केलं आणि त्या नर्सच्या हातात अडकवल्या. नर्स! जी पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर स्वेटर विणत बसली होती!

मी ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. कितीतरी वर्षांत रहस्यकथेने मला एवढं धरून आपटलं नव्हतं. रात्रभर झोप नाही. पेन्सिलवाला चुकला? का मुद्दाम चुकवलं? मुद्दाम असेल तर कोणासाठी? अर्जावर मीही सही केली होती. त्याने माझं अक्षर ओळखलं असेल का? पुढचं पुस्तक मी उघडलं ते थेट समास धुंडाळत. पान चौदावर भाच्यापाशी ‘हाच.’ आता हा खरा का खोटा? खुनी भाचा आहे का, हा एक प्रश्न, आणि पेन्सिलवाला आज कोणत्या तंद्रीत होता, हा दुसरा. एका भाड्यात दोन रहस्यं. त्यापुढच्या पुस्तकात तर ‘हाच’च्या खाली दुसऱ्याच अक्षरात ‘वाटत नाही’ होतं, त्याखाली तिसऱ्यात ‘मलाही आधी वाटलं नव्हतं’ आणि शेवटी निळ्या शाईत ‘सगळ्यांनी गप्प बसा’. बाजूच्या पानावर कोणीतरी एका इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेची तारीख लिहून ठेवली होती. रिकाम्या टॉवरमध्ये बसून मी तो मजकूर कथेपेक्षा आवडीने वाचला.

परवा वाचनालयात गेलो तर ग्रंथपाल खोडरबर घेऊन बसलेले. समोर रहस्यकथांचा ढीग. मी दचकलो.

"खोडताय?"

"कार्यकारिणीचा हुकूम. तुमच्याच तक्रारीवरून." ते पहिल्यांदाच दंडाखेरीज बोलत होते. "पण एक सांगतो, मी वरवर खोडतोय. वाचता येईल इतपत ठेवतोय."

"का?"

त्यांनी दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून उघडली. एकाच्या मागे चिकटवलेला तारखांचा कागद शिक्क्यांनी भरून खाली दुसरा कागद जोडलेला; दुसऱ्यावर एकच शिक्का, तोही फिकट.

"हे पेन्सिलवालं. हे कोरं. कोऱ्याला कोणी हात लावत नाही. लोक येतात, पानं चाळतात, समासात काही नसलं की परत ठेवतात. ते निवृत्त मास्तर तर म्हणाले, ‘हे अजून कोणी वाचलेलं दिसत नाही, म्हणजे चांगलं नसणार.’"

मी मान खाली घालून, आवाज शक्य तितका सहज ठेवून, पेन्सिलवाल्या ढिगातलं नवीन काही आहे का म्हणून विचारलं.

"आहे की. कालच परत आलंय. तीन वेगळी अक्षरं आहेत, एका ठिकाणी बाणसुद्धा काढलाय." त्यांनी वही उघडली. "पण तुमच्या आधी सहाजणांचा नंबर आहे. दोन महिने तरी जातील."

माझा चेहरा पडलेला बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, काउंटरवरून पुढे वाकले आणि हळूच म्हणाले,

"एवढी घाई असेल तर सांगून टाकू का, कोण ते?"